व्हॅन विकू नका, कॅम्पर हलका घ्या

मेलबर्नमध्ये नोव्हेंबर उजाडला की आमच्या मराठी ग्रुपवर एक प्रश्न ठरलेला असतो. "जुनी डिझेल व्हॅन आहे, मागे कॅम्पर लावायचा विचार चाललाय, ओढेल का?" कॅम्पर म्हणजे गाडीमागे ओढायचा, मुक्कामाला उलगडायचा ट्रेलर. प्रश्न माझ्या नवऱ्याला टॅग करून येतो, कारण फोटोत स्टिअरिंगवर तो दिसतो. फोटो काढून झाले की चालवते मी. त्यामुळे उत्तरही मीच देते, आणि यंदा एकदाच सविस्तर लिहून ठेवते. दरवर्षी तेच टाइप करायचा कंटाळा आलाय.

ओढेल हो. अडीच लिटरचं टर्बो डिझेल आहे, ते तुमचं घरसुद्धा ओढेल. गोची इंजिनात नाहीच.

आमची व्हॅन २००८ ची, जर्मन बनावटीची. पाच सिलिंडर, सहा गिअरची मॅन्युअल, फ्रंट व्हील ड्राइव्ह. ब्रेक असलेला ट्रेलर २००० किलोपर्यंत ओढायची परवानगी. बहुतेक लोक हा आकडा वाचून थेट दुकानात जातात. मी म्हणते, आधी गाडीमागे उकिडवे बसा आणि टोबारवरची, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या मागच्या दांड्यावरची, पट्टी फडक्याने पुसून वाचा. आमच्या पट्टीवर २००० च्या खाली दुसरा आकडा आहे, १००. हा बॉलवरचा भार. म्हणजे ट्रेलरच्या दांडीने टोबारच्या गोळ्यावर उभं किती वजन टाकायचं, ते. शंभर किलो, त्यापुढे नाही.

आता इकडची रीत बघा. ऑस्ट्रेलियात कॅम्पर आणि कॅरव्हॅन साधारण दहा टक्के वजन बॉलवर येईल अशा बेताने बांधतात. २००० किलोचा कॅम्पर म्हणजे बॉलवर २०० किलो. गाडी म्हणते १००. युरोपात हा हिशोब वेगळा. तिथले कॅरव्हॅन हलके, बॉलवर चार ते सात टक्के येईल असे, आणि जर्मनीत ट्रेलर लावून ताशी ८० च्या वर जाताच येत नाही, वेगळी मंजुरी काढली तर १००. तिथल्या गाड्यांच्या टोबारवर ८०-१०० किलोचा आकडा सर्रास असतो, आणि तिथे तो पुरतोही. तीच गाडी आपण इथे आणतो, मागे इथला जाड लोखंडी, ऑफरोडचा, दगडधोंड्यांसाठी बांधलेला कॅम्पर अडकवतो आणि ११० च्या फ्रीवेवर काढतो. व्हॅन जुनी झाली म्हणून हे जमत नाही असं नाही. नवी कोरी असती तरी जमलं नसतं.

सरळ हिशोब करा. बॉलवर शंभर आणि दहा टक्क्यांची रीत, म्हणजे सामानासकट हजार-अकराशे किलोच्या आसपासचा कॅम्पर. पट्टीवरचे बाकीचे ९०० किलो कागदावरच राहणार.

"मग बॉलवरचं वजन कमी करू, सायकली मागच्या बाजूला टांगू," असं एक उत्तर हमखास येतं. कृपा करून हे करू नका. बॉलवर भार कमी आणि मागच्या टोकाला वजन जास्त झालं, की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. ८० ला काही जाणवत नाही. ९५ ला ट्रक शेजारून गेला की एक हेलकावा, मग त्याहून मोठा, मग त्याहून मोठा. अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबायचा नाही, ऐनवेळी स्टिअरिंगही झुंजवायचं नाही. अॅक्सिलरेटर सोडायचा आणि डॅशबोर्डजवळच्या कंट्रोलरने फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावायचे, म्हणजे तो मागून ताणला जाऊन सरळ होतो. तो कंट्रोलर गुडघ्याला लागेल असा कुठेतरी खाली बसवून घेतलेले महाभाग मी पाहिलेत. हात न बघता पोहोचला पाहिजे.

मागच्या उन्हाळ्यात एका मित्राची यूट, म्हणजे इकडची पिकअप, गॅरेजमध्ये होती आणि त्याचा कॅम्पर आमच्या व्हॅनला "फक्त लावून बघू" असा त्याचा हट्ट. मोठा, पुढे उलगडणारा, स्टीलच्या सरकत्या किचनवाला. ड्राइव्हवेत लावला. मी आधी चारही चाकांवरच्या कमानींची जमिनीपासूनची उंची टेपने मोजून ठेवली होती. दांडीला आधार देणारं छोटं चाक, म्हणजे जॉकी व्हील, फिरवत दांडी खाली आणली, तसा व्हॅनचा मागचा भाग कण्हत बसला. टेप पुन्हा लावला. मागची कमान सात सेंटिमीटर खाली आणि पुढची जवळजवळ तीन सेंटिमीटर वर. बॉलखाली ठेवायचा छोटा काटा येतो, तो ठेवला तर १९० च्या पुढे. पाण्याची टाकी रिकामी होती बरं का. मित्र म्हणाला, "इथल्या इथे तर जायचंय." मी जॉकी व्हील उलटं फिरवायला घेतलं.

पुढची कमान वर आली, हे सगळ्यात वाईट. आमच्या सांगलीकडे उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर चढाला पुढची चाकं उचलतो, ते सगळ्यांनी पाहिलंय. इथे प्रकार त्याच जातीचा, फक्त चाकं उचललेली दिसत नाहीत. बॉल मागच्या आसाच्या साधारण सव्वा मीटर मागे आहे आणि दोन आसांत अंतर तीन मीटर. बॉलवर २०० किलो टाकले, की पुढच्या आसावरून ऐंशी-पंच्याऐंशी किलो निघून जातात आणि ते मागच्या आसावर वरून पडतात. ट्रॅक्टरचं इंजिन निदान मागची चाकं फिरवतं. आमच्या व्हॅनची ओढणारी, वळणारी आणि जास्तीत जास्त ब्रेक लावणारी चाकं सगळी पुढचीच. पावसात चढावर सिग्नल लागला की ती जागेवर फिरतात. ग्रॅम्पियन्स डोंगरातल्या हॉल्स गॅपच्या कॅम्पिंगच्या गवतावर सकाळच्या दवात हलका कॅम्पर लावूनसुद्धा मला एकदा टायरखाली पायपुसणी घालावी लागली होती. जड असता तर शेजाऱ्याच्या यूटला साकडं घातलं असतं.

वेट डिस्ट्रिब्युशन हिच, म्हणजे गाडी आणि ट्रेलर यांच्यात ताणून बसवायच्या दांड्या, लावा, असं कोणीतरी लिहिणार. त्या दांड्या भार पुढच्या चाकांकडे परत ढकलतात, खरं आहे. पण बॉलवरचा १०० चा आकडा त्याने १५० होत नाही, आणि काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ती लावूच नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. मॅन्युअल काढून वाचा, दुकानदाराला विचारू नका. आम्ही एका दुकानात गेलो होतो तेव्हा विक्रेत्याने "गाडीवर २००० लिहिलंय ना, मग झालं" एवढंच सांगितलं. पट्टीचा फोटो दाखवला तर म्हणाला, "इतकं कोणी बघत नाही." अपघात झाल्यावर इन्शुरन्सवाले मात्र आवर्जून बघतात.

आता इंजिनाबद्दल थोडं, कारण सगळ्यांना तेच हवं असतं. ग्रॅम्पियन्सच्या वाटेवर बॅकस मार्श सोडलं की वेस्टर्न फ्रीवे पेंटलँड हिल्स चढायला लागतो. घाट म्हणण्याएवढा तो तीव्र नाही, पण चढ लांबलचक आहे, आणि जानेवारीच्या ३८ अंशात जुन्या डिझेलची परीक्षा तिथेच होते. सहाव्या गिअरमध्ये पाय दाबून १५०० आरपीएमवर ओढत राहणं हा सगळ्यात महागडा मार्ग. टर्बो जीव तोडून हवा कोंबतो, एक्झॉस्ट तापतो आणि पाण्याचा पंप मात्र इंजिनाच्या चालीने संथ फिरत असतो. मी चढ सुरू व्हायच्या आतच चौथा टाकते, काटा अडीच हजाराच्या जरा वर ठेवते आणि डावीकडे ट्रकांच्या रांगेत ८० ने निवांत जाते. एसी बंद. तापमानाचा काटा हलायला लागला तर हीटर पूर्ण चालू आणि खिडक्या उघड्या, मुलांनी कितीही बोंब मारली तरी. वर पोहोचून थांबायचं असेल तर इंजिन लगेच बंद करायचं नाही, मिनिट-दोन मिनिटं चालू ठेवायचं म्हणजे टर्बो निवतो. क्लचला जपा. मॅन्युअल व्हॅनमध्ये चढावर रिव्हर्स घेत कॅम्पर लावणं म्हणजे क्लच जाळून खाणं. त्याचा वास एकदा आला की दोन दिवस जात नाही.

उतार जास्त अवघड. डिझेलला इंजिन ब्रेकिंग भरपूर असतं, असा आपल्याकडे समज आहे. मोठ्या ट्रकना वेगळा एक्झॉस्ट ब्रेक असतो म्हणून तसं वाटतं. जुन्या व्हॅनच्या डिझेलला पेट्रोलसारखा हवा अडवणारा थ्रॉटल नाही, दाबलेली हवा पिस्टनला बरीचशी ताकद परत देऊन टाकते. त्यामुळे उतारावर गाडी वाटते त्यापेक्षा लवकर सुटते. खंडाळ्याला शिकलेलं, ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, ते इथेही लागू, आणि गिअर उतार सुरू होण्याआधी. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला. त्यात हवेतली ओल मुरते आणि तापलं की ते उकळतं. मग पेडल थेट तळाला.

नियम थोडक्यात: ट्रेलरच्या चाकांवरचा भार ७५० किलोच्या वर गेला की ट्रेलरला ब्रेक हवेत, २००० च्या वर सगळ्या चाकांना ब्रेक आणि सुटला तर आपोआप लागणारी ब्रेकअवे सिस्टिम. बास.

"त्यापेक्षा साडेतीन टनवाली यूटच घे ना," हे तर ठरलेलं वाक्य. घ्या, पैसे तुमचे. फक्त तिचाही हिशोब करा. इथल्या रस्त्यांवर गल्लोगल्ली दिसणाऱ्या एका यूटचं गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल वजन ६००० किलो. मागे ३५०० लावले की गाडीला उरले २५००. तिचं स्वतःचं वजन २२०० च्या वर. उरलेल्या तीनशेच्या आत तुम्ही, बायको, दोन पोरं, बुलबार आणि बर्फाचा डबा. म्हणजे साडेतीन टन ओढायचे तर माणसं घरी ठेवा. साठ-सत्तर हजार डॉलर घालून पुन्हा वजनकाट्यावरच उभं राहायचं, तर माझी व्हॅन काय वाईट आहे? सात माणसं बसतात, पाऊस आला की आत झोपता येतं, पुर्जे मिळतात आणि हलका कॅम्पर लावूनही शंभर किलोमीटरला साधारण १२ लिटर.

आपल्या लोकांचं खरं दुखणं सामान आहे. चार दिवसांच्या ट्रिपला दोन कुकर, मिक्सर, दहा किलो तांदूळ, गाद्या वेगळ्या, शिवाय "असू दे" म्हणून दुसरा नऊ किलोचा गॅस, जो भरलेला सतरा-अठरा किलो भरतो. पाणी लिटरला किलो, त्यात सूट नाही. प्लेटवर टेअर म्हणून लिहिलेलं असतं ते रिकाम्या कॅम्परचं, नंतर बसवलेली ऑनिंग (बाहेरचं कापडी छत) आणि दुसरी बॅटरी त्यात नाही. मी घरूनच टाकी भरून निघत नाही, पोहोचल्यावर भरते. जड वस्तू आसाच्या वर, खाली, मधोमध. पुढे-मागे फक्त अंथरुणं.

तेव्हा ज्यांना ग्रुपवर विचारायचंय त्यांनी आधी कॅम्पर नेहमीच्या सामानानिशी, पाणी-गॅससकट भरावा, पब्लिक वेब्रिजवर, म्हणजे गाड्या तोलायच्या मोठ्या काट्यावर, न्यावा, व्हॅन आणि कॅम्पर वेगवेगळं वजन करून चिठ्ठी घ्यावी. बॉलचा काटा नसेल तर माझा घेऊन जा, गॅरेजमध्येच पडलेला असतो. चिठ्ठीचा फोटो आणि टोबारच्या पट्टीचा फोटो, दोन्ही टाका. आणि टॅग मला करा.