'इन्सेप्शन'मधला म्हातारा

सकाळी सकाळी एका ग्रुपवर 'इन्सेप्शन' या हॉलिवूडपटाची चर्चा. सगळ्या नटांची नावं नीट लिहिलेली, आणि इंग्लिश नट पीट पॉसल्थवेट? "तो मरणारा म्हातारा." डोकंच फिरलं.

अरे, त्या म्हाताऱ्यावर अख्खा डाव उभा आहे! हा म्हातारा म्हणजे बाप; बाप-लेकातला दुरावा पटला नाही, तर स्वप्नात शिरून मुलाच्या डोक्यात कल्पना पेरायची सगळी खटपट फुकट. त्यासाठी याला मिळालं काय, तर एक पलंग आणि मोजकी मिनिटं. आधी आजारपणातली बरळ, नंतर स्वप्नातल्या तिजोरीत तोच दमलेला आवाज, पण आता मुलाच्या बाजूने बोलणारा. शब्द फुटत नाहीत, म्हणून सगळं काम श्वासावर.

एवढं लांब आडनाव दिव्यांत झळकवायचं तर विजेचं बिल परवडणार नाही, असं सांगून त्याला ते बदलायला सुचवलं होतं म्हणे. इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनच्या या माणसाने नाही बदललं. आणि तुम्हाला ते टाइप करायचाही कंटाळा!

'इन द नेम ऑफ द फादर' (१९९३) काढून बघा. ज्याचा बाप झालाय, तो डॅनियल डे-लुईस त्याच्याहून फक्त ११ वर्षांनी लहान. मेकअपपेक्षा खांदे पाडून आणि आवाज खाली आणून वय वाढवलंय. ज्यांच्यावर सिनेमा आहे ते खरे कॉनलन बाप-लेक सिनेमातल्यासारखे एका कोठडीत नव्हते, मान्य. ऑस्करचं नामांकन मिळालं, बाहुली टॉमी ली जोन्स घेऊन गेला. असो.

उलट टोक बघायचं तर टीव्हीवरची 'शार्प' मालिका: टोपीत आईचं चित्र ठेवून तिच्याशी बोलणारा सार्जंट हेक्सविल. किळस येते, आणि नजर हटत नाही.

'द टाउन'मध्ये तर तो फुलवाला गुंड; गुलाबाचे देठ साफ करता करता तो नायकाच्या आईची वाताहत सांगतो. हात थांबत नाहीत, आवाज चढत नाही. दरडावून बोलला असता तर निम्मी भीती गेली असती. तो सिनेमा आणि 'इन्सेप्शन' दोन्ही २०१० चे. जानेवारी २०११ मध्ये गेला बिचारा, ६४व्या वर्षी. कॅन्सर.

दिग्दर्शक स्पीलबर्गने त्याला जगातला सर्वोत्तम नट म्हटलं होतं. यावर याचं म्हणणं, स्पीलबर्ग खरं तर म्हणाला असेल की पीटला तसं वाटतं!

विजेच्या बिलाची काळजी असणाऱ्यांनी 'ब्रास्ड ऑफ'पासून सुरुवात करा. यॉर्कशायरची बंद पडणारी कोळसा खाण, फुप्फुसात धूळ भरलेला बँडमास्तर, आणि अल्बर्ट हॉलमधलं ते भाषण. स्पीलबर्गच्या 'ज्युरासिक'चा दुसरा भाग, त्यातही तो आहे, राहिला तरी चालेल.