विमान कुणाचं?

आमच्या घरच्या ग्रुपवर गेल्या रविवारी दादाने, म्हणजे आतेभावाने, नवी मुंबई विमानतळाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘ठाणेकरांनो, काळजी सोडा, आता एअर ॲम्ब्युलन्स दारात!’ त्यावर घोडबंदरची मावशी म्हणाली, ‘असली थेरं पैसेवाल्यांची. आपल्याला १०८ बरी.’ मग अंगठे, जोडलेले हात, आणि कुणीतरी टाकलेले तीन मोबाइल नंबर. ‘चोवीस तास, सर्वांत स्वस्त, सेव्ह करून ठेवा.’

पर्थमध्ये तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि सकाळी सहाची शिफ्ट होती, तरी मी उठून बसलो. त्या तिनातला एक नंबर माझ्या फोनमध्ये अजून आहे, ‘उचलू नये’ या नावाने.

मुळात ‘दारात’ हा शब्दच खटकला. हा विमानतळ उलव्याला, आणि उलवे काही माजिवड्याच्या नाक्यावर नाही. ठाण्याहून सांताक्रूझचा विमानतळच जवळ, आणि त्या जवळच्या रस्त्याचा अनुभव आमच्या घराने घेतलेला आहे.

दोन वर्षांपूर्वी देवदिवाळीला आईबाबा काशीला गेले होते. घाटाच्या पायरीवरून बाबांचा पाय सटकला. तीन बरगड्या मोडल्या आणि फुप्फुसाबाहेर छातीत हवा साठली. तिथले डॉक्टर चांगले होते, पण आईचं हिंदी नौपाड्याच्या भाजीवाल्यापुरतं, आणि तिचा एकच धोशा, ‘ठाण्याला नेऊ या.’ मी इथून फोन लावत बसलो.

पहिला म्हणाला, ‘सर, साडेपाच लाख. पेमेंट आलं की दोन तासांत विमान.’ विमान कुणाचं? ‘आपलंच सर.’ नोंदणी क्रमांक सांगा. ‘व्हीटी...’ आणि पुढे शांतता. डीजीसीएचा, म्हणजे सरकारी विमान खात्याचा, परवाना? ‘ते मागाहून व्हॉट्सॲप करतो.’ एजंट असणं हा काही गुन्हा नाही, लग्नाचा हॉलसुद्धा आपण एजंटकडून घेतो. पण विमान एकाचं, डॉक्टर दुसऱ्याचा, व्हेंटिलेटर भाड्याचा, आणि आयत्या वेळी बिनसलं तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवणार. ॲडव्हान्स मात्र एकाच्याच खात्यात गेलेला.

दुसऱ्या ठिकाणी एक बाई बोलल्या. पैशांचं अक्षर नाही. पहिला प्रश्न : ‘छातीत नळी टाकलीये का?’ मी म्हटलं, का हो? त्या म्हणाल्या, ‘केबिनमध्ये हवेचा दाब ठेवतात, पण जमिनीवर असतो तेवढा नाही. तो आठ हजार फुटांवरच्या दाबाइतका उतरला, तर कोंडलेली हवा एक तृतीयांशाने फुगते. नळीशिवाय आम्ही पेशंट उचलणार नाही. एक्स-रे पाठवा, ऑक्सिजन किती लिटरवर आहे ते कळवा, आणि वजन किती?’ बाबांचं वजन मला ठाऊक नव्हतं. आईला विचारून सांगितलं.

त्यांचे सव्वासात लाख झाले. डॉक्टर काशीच्या खाटेपाशी येऊन पेशंट ताब्यात घेणार, दोन्हीकडच्या ॲम्ब्युलन्स त्यातच, आणि हे सगळं लेखी. पावणेदोन लाख जास्त का दिले, हे दादाला अजून पटलेलं नाही. ‘गल्लीत बसून बोलायला तुझं काय जातं’ असं मी त्याला तेव्हा म्हणालो होतो. खरं तर विमान उतरलं त्या कालिन्याहून माजिवड्यापर्यंत ॲम्ब्युलन्समध्ये बाबांच्या उशाशी तोच बसला होता. पावणेदोन तास, आणि प्रत्येक खड्ड्याला बाबांचा हात धरून. मी फोनवर त्याच्या लोकेशनचा निळा ठिपका बघत होतो.

रविवारी मात्र मी जोरात होतो. लिहिलं, की आमच्याकडे ऑस्ट्रेलियात फ्लाइंग डॉक्टर १९२८ पासून उडताहेत, क्लोन्करी गावाहून सुरुवात झाली, ती सेवा काढणारे जॉन फ्लिन वीस डॉलरच्या नोटेवर आहेत. लांबच्या कॅलगुर्लीला कुणाच्या छातीत दुखलं की विमानाने थेट पर्थच्या जँडाकोट विमानतळावर, आणि तिथे कुणी ‘सर्वांत स्वस्त’ म्हणत नाही. दादाने शांतपणे लिहिलं, ‘मध्य प्रदेशात २०२४ पासून आयुष्मान कार्डवाल्यांना एअर ॲम्ब्युलन्स फुकट आहे. नोटेवर कोण आहे ते माहीत नाही.’ यावर मावशीचे हसरे चेहरे सहा.

मागच्या हिवाळ्यात माझा गुडघा सटकला तेव्हा ट्रिपल झिरोला, म्हणजे इथल्या १०८ला, फोन केला होता. नऊ किलोमीटरचं बिल हजार डॉलरच्या वर आलं, कारण ॲम्ब्युलन्सचं विमा कव्हर संपलं होतं आणि मी त्याचे पैसे भरायचं टाळत होतो. हे ग्रुपवर घातलेलं नाही.

आणखी एक गोष्ट घातलेली नाही. काशीच्या डॉक्टरांनी मला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, घाई नाही. नळी काढू, फुप्फुस पूर्ण भरू दे, मग दोनेक आठवड्यांनी साध्या विमानाने न्या, खिडकीची सीट घ्या. पण दोन आठवडे आईजवळ कुणी तरी राहायला हवं होतं, आणि माझी रजा तेव्हा शिल्लक होती, अकरा दिवस. ती मी जानेवारीत बालीसाठी धरून ठेवली होती. तिकिटं काढलेली होती. म्हणून सव्वासात लाखांचं विमान पाठवलं आणि घरात सांगितलं, डॉक्टर म्हणताहेत लगेच हलवा.

परवाना बघा, विमान कुणाचं ते विचारा, आजार ऐकून उलट प्रश्न विचारणाऱ्यालाच पैसे द्या, एवढं लिहून रविवारी मी फोन ठेवला. सकाळी पाहिलं तर मावशीचं उत्तर होतं, ‘बरं झालं सांगितलंस बाळा. बाबांच्या वेळी तू होतास म्हणून.’