पायाची नाडी पाहणाऱ्या सिस्टर
पायातील रक्तवाहिनीच्या बायपासनंतर, म्हणजे बंद झालेल्या भागाला वळसा देऊन रक्तासाठी नवी वाट जोडण्याच्या शस्त्रक्रियेनंतर, परिचारिकेचे मुख्य काम म्हणजे टाक्यांची निगा आणि वेळेवर ड्रेसिंग, असे मी वाचलेल्या एका लेखात म्हटले आहे. हे विधान मला फारच अपुरे वाटते. टाके महत्त्वाचे आहेतच. परंतु पहिल्या 24 तासांत मोठी भीती असते ती नव्या जोडणीत रक्ताची गुठळी होण्याची, आणि ती सर्वांत आधी लक्षात येते पायाला वारंवार हात लावून पाहणाऱ्या परिचारिकेच्याच.

माझ्या वडिलांवर पुण्यातील एका रुग्णालयात ही शस्त्रक्रिया झाली, तेव्हा रात्रपाळीच्या सिस्टरनी त्यांच्या पावलावर, जिथे नाडी लागत होती नेमक्या त्या जागी, पेनने फुली मारून ठेवली होती, म्हणजे पाळी बदलल्यावर येणाऱ्या सिस्टरला ती शोधत बसावे लागू नये. दर तासाला त्या दोन्ही पावलांना हाताची मागची बाजू लावून ऊब ताडून पाहत, बोटे हलवायला सांगत आणि छोट्या डॉप्लर यंत्रावर नाडीचा आवाज ऐकत. पहाटे 3 च्या सुमारास तो आवाज क्षीण झाला आणि पाऊल गार पडले. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेली असल्याने वडिलांनी दुखत असल्याची तक्रारसुद्धा केली नव्हती. सकाळच्या राउंडची वाट न पाहता सिस्टरनी सर्जनना ताबडतोब बोलावले, गुठळी काढली गेली आणि पाय वाचला. रक्तपुरवठा पूर्ण थांबला तर साधारण 6 तासांत स्नायूंची कायमची हानी होऊ शकते, हे आम्हाला नंतर समजले. एकाच परिचारिकेवर रात्री 20 रुग्ण सोपवले, तर तिने हे दर तासाला कसे करावे, याविषयी त्या लेखात एक तरी वाक्य हवे होते.