इल-२ म्हणजे 'वरून हिरवं, पोटाला निळं' एवढंच?

दुसऱ्या महायुद्धातल्या इल-२ या, जमिनीवरच्या लक्ष्यांवर हल्ला करणाऱ्या सोव्हिएत विमानांबद्दल एक मजकूर सारखा फिरतोय: 'सगळी वरून हिरवी, पोटाला निळी. पंखांवर भलेमोठे लाल तारे. अंगावरचा आकडा रेजिमेंटचा, घोषणा सगळ्या सरकारी. विमानंच इतकी होती की लपायची फिकीर कुणाला!'

छत्तीस हजारांच्या आसपास बनली, हे खरं. बाकीचं मात्र तपासून घ्यावं लागतं.

हिरवा-निळा थाट सुरुवातीच्या विमानांपुरता. १९४१च्या जूनमध्येच हिरव्यावर काळे पट्टे मारायचं ठरलं. १९४३च्या जुलैत नवा नमुना आला. त्यात हवेत शत्रूच्या विमानांशी झुंजणाऱ्या लढाऊ विमानांना राखाडीच्या दोन छटा मिळाल्या, तर जमिनीलगत उडणाऱ्या इल-२ला हिरवा, फिकट तपकिरी आणि गडद राखाडी. फिकीर नसती तर हा भेद केला असता का? कृष्णधवल फोटोत हिरवा नि तपकिरी एकमेकांत मिसळून जातात, म्हणून सगळं एकरंगी वाटतं.

शिवाय 'हिरवा' तरी एक कुठे होता? पुढचा सांगाडा चिलखती पोलादाचा, शेपटीकडचा भाग बहुतेक विमानांत लाकडी. लाकडाला एएमटी जातीचा मॅट रंग, धातूला तेलातला वेगळा. एकाच विमानावर दोन डबे. हिवाळ्यात वरून एमके-७ हा धुता येणारा पांढरा रंग फासायचे, तारे आणि आकडे तेवढे वगळून. तो खरखरीत, त्यामुळे वेगही थोडा घटायचा. माणसांचे पाय पडायचे तिथे खालचा हिरवा उघडा पडायचा.

ताऱ्यांचं तर उलटंच आहे. शत्रूची लढाऊ विमानं वरून झडप घालत, म्हणून पंखांच्या वरच्या बाजूचे तारे युद्धाच्या सुरुवातीलाच गेले. राहिले ते पंखांखाली, अंगावर आणि शेपटीवर. पांढरी किनार ठळक झाली ती १९४३पासून.

आकडा रेजिमेंटचा नसून रेजिमेंटमधल्या त्या विमानाचा. तोच आकडा दुसऱ्या रेजिमेंटमध्येही सापडतो. नुसत्या आकड्यावरून विमानाचं युनिट सांगणाऱ्या फोटोओळींवर माझा तरी विश्वास नाही.

घोषणांत सरकारी प्रचार होताच. पण वैमानिक गेओर्गी पार्शिन यांच्या इल-२वर 'बारिनोव्हांचा सूड' असं लिहिलेलं होतं. ते विमान लेनिनग्राडच्या बारिनोव्हा मायलेकींनी स्वतःच्या पैशांतून दिलं होतं.