पांढरा रस्सा आणि मामांचं कोपर

रविवारी कोल्हापुरात शुक्रवार पेठेत मामांकडं जेवायला गेलो तर ताटात नुसता तांबडा रस्सा. पांढरा कुठाय विचारलं, तर मामांनी मोबाईल पुढं केला. ‘सोरायसिस २१ दिवसांत मुळासकट!’ सोरायसिस म्हणजे मामांच्या कोपरावरचा तो कातडीचा आजार. भिशीच्या ग्रुपवर आलेला मेसेज, मामांनी आठवड्यापूर्वीच आणखी चार ग्रुपवर ढकललेला. म्हणे रक्त अशुद्ध झाल्यानं हा आजार होतो, मटण आणि दूध एकत्र खाणाऱ्या कोल्हापूरकरांना जास्त होतो, एका पंचकर्मात (आयुर्वेदातल्या शरीरशुद्धीत) कायमचा जातो, आयुर्वेदाला साइड इफेक्ट नसतात, आणि डॉक्टरी औषधं आजच बंद करा.

रश्श्यापासूनच सुरू करतो, डोकं तिथंच फिरलं. अहो, पांढऱ्या रश्श्यात दूध असतं ते नारळाचं, खोबरं वाटून पिळलेलं! आयुर्वेदाच्या ग्रंथांत मासे-मांसासोबत खाऊ नये म्हटलंय ते जनावराचं दूध. नावात दूध आहे म्हणून नारळ आता गोठ्यात बांधायचा काय?

रक्ताचं म्हणाल तर बिथरते ती प्रतिकारशक्ती. एरवी महिनाभर लागतो तिथं कातडीच्या पेशी तीन-पाच दिवसांत वर येतात, म्हणून ते अभ्रकासारखे पापुद्रे.

आता पंचकर्म. सोरायसिसला वैद्य बहुधा एककुष्ठ किंवा किटिभ म्हणतात. मेसेजवाल्यानं वाग्भटाचा जुना आयुर्वेद ग्रंथ, अष्टांगहृदय, उघडलेला दिसत नाही. कुष्ठाला, म्हणजे ग्रंथांतल्या त्वचारोगांना, वाग्भट सांगतो: वमन (औषधानं उलटी) दर पंधरा दिवसांनी, विरेचन (जुलाब) महिन्याला, नस्य (नाकात औषध) तीन-तीन दिवसांनी, रक्तमोक्षण (रक्त काढणं) सहा महिन्यांनी. दुसरा ग्रंथकार चरकही शोधन, म्हणजे हीच शुद्धी, वारंवार करायला सांगतो, पण रोग्याचे प्राण सांभाळून, कारण दोष फाजील काढले तर वायू दुबळ्याला मारतो. २१ दिवसांचा हिशेब यात कुठं बसतो? आजार चिवट आहे हे त्या दोघांना पक्कं ठाऊक होतं.

साइड इफेक्ट नाहीत? त्वचारोगांवर दिलं जाणारं रसमाणिक्य हरताळापासून होतं, आणि हरताळ म्हणजे आर्सेनिकचं खनिज. जाणत्या वैद्याशिवाय त्याला हात लावू नये.

बरं, तेल लावून कातडी मऊ ठेवा, दारू-तंबाखू सोडा, एवढं त्या मेसेजमध्ये खरं आहे. त्वचेचे डॉक्टरही तेच सांगतात, फक्त त्यांचं कुणी फॉरवर्ड करत नाही.

पण ‘औषधं आजच बंद करा’ लिहिणाऱ्याला काय म्हणावं? स्टेरॉइडचं मलम एकदम तोडलं तर आजार उसळू शकतो. पोटातून स्टेरॉइड घेणाऱ्यानं अचानक सोडलं तर अंगभर लाली, पू भरलेले फोड, दवाखान्यात भरती, इथपर्यंत जाऊ शकतं. मामांचं फक्त मलम होतं, ते त्यांनी आठ दिवस लावलं नव्हतं. कोपर चिरलेलं, सदऱ्याची बाही रक्तानं आतून चिकटलेली. मामी कोमट पाण्याचा बोळा फिरवत ती सोडवत होत्या आणि मामा मला विचारत होते, “सगळ्यांच्या मोबाईलमधनं मेसेज पुसायचा कसा रे?”

आठ दिवसांनी नाही पुसता येत, मामा. म्हणून हे लिहिलं. त्या चारही ग्रुपवर टाका.