पार्सलवर ‘जुने कपडे’ लिहू नका

परवा पाचपाखाडीला आईकडे गेले, तर जेवणाच्या टेबलावर खोकं उघडं आणि आई एक पॉवरबँक जुन्या साडीच्या घडीत गुंडाळत बसलेली. खोक्यात चिवडा, शंकरपाळे, करंज्या आणि स्टीलच्या डब्यात अनारसे, खसखशीची बाजू वर करून रचलेले. सगळं शारजाला चाललेलं, तिच्या शाळेपासूनच्या मैत्रिणीकडे, म्हणजे आमच्या काकूंकडे. शेजारी मोबाइलवर तो मेसेज उघडा: ‘परदेशी पार्सल बिनबोभाट पोचवण्याच्या युक्त्या’. मामाने फॅमिली ग्रुपवर टाकलेला, मामाला सोसायटीच्या ग्रुपवरून आलेला. तुमच्याकडेही आला असेल. मी तो वाचला आणि माझं डोकंच फिरलं.

पहिली युक्ती: फॉर्मवर ‘गिफ्ट’ आणि ‘जुने कपडे’ लिहा, आत काहीही घाला, कस्टम्सवाले उघडत नाहीत. पुढे कंसात, ‘अनारसे, करंज्या, खोकल्याची औषधं सगळं जातं’.

साफ खोटं. पोस्टाने परदेशी जाणाऱ्या पार्सलला सीएन २२ किंवा सीएन २३ हा फॉर्म लागतो. ‘गिफ्ट’ हा त्यातला खूण करायचा एक रकाना आहे. पार्सल कशासाठी चाललंय, एवढंच त्यातून कळतं. तपासणीतून सूट मिळत नाही. खाली सही करताना आपण लिहून देतो की वरची माहिती खरी आहे आणि आत धोकादायक किंवा मनाई असलेली वस्तू नाही. आधी आपल्याकडचं कस्टम्स, मग समोरच्या देशाचं, दोन्हीकडे पार्सल उघडायचा अधिकार आहे.

आता त्या अनारशांकडे या. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे. आपल्याला ती फोडणीच्या डब्याशेजारची बरणी वाटते, पण ती अफूच्या बोंडातलं बी आहे आणि तिथे तिच्याकडे अमली पदार्थ म्हणूनच बघतात. अनारशाला लागते, करंजीच्या सारणात असते, म्हणजे फराळाच्या निम्म्या खोक्यात खसखस. औषधांचं तेच. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडोलसारखी वेदनाशामक गोळी, यांवर तिथे कडक नियंत्रण आहे, आधी परवानगी लागते.

आणि पार्सलवर पत्ता कोणाचा? काकूंचा. मुलाकडे राहायला गेलेल्या, सत्तरीला टेकलेल्या बाईचा. फॉर्मवर ‘फराळ’ म्हणून एकेक पदार्थ लिहिला असता तर नजरचूक झाली असं निदान म्हणता तरी आलं असतं. ‘जुने कपडे’ लिहून आत खसखस आणि गोळ्या निघाल्या की ती लपवाछपवी ठरते, आणि उत्तर द्यायला उभं राहावं लागतं ते काकूंना. मेसेज लिहिणारा तेव्हा कुठे असणार आहे?

दुसरी युक्ती: पॉवरबँक साडीत गुंडाळली की मशीनला दिसत नाही. एक्स-रेला साडी कशी आडवी येणार? पण दिसते की नाही हा मुद्दाच नाही. ३ सप्टेंबर २०१० रोजी यूपीएस कंपनीचं एक मालवाहू विमान दुबईहून जर्मनीतल्या कोलोनला निघालं. मालाला आग लागली, वैमानिकांनी विमान परत वळवलं, कॉकपिट धुराने भरलं आणि ते दुबईतच कोसळलं. दोघेही वैमानिक गेले. अमिरातीच्या तपास अहवालात नोंद आहे की मालात लिथियम बॅटऱ्या मोठ्या प्रमाणात होत्या, आणि त्यातल्या काही खेपा धोकादायक माल म्हणून जाहीर व्हायला हव्या होत्या, त्या झाल्याच नव्हत्या. म्हणजे कागदावर एक आणि खोक्यात दुसरं. १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून न्यायला जगभर बंदी आहे, आणि पॉवरबँक सुट्या बॅटरीतच मोडते. पार्सलं प्रवासी विमानांच्या पोटातूनही जातात. वर माणसं बसलेली असतात हो!

बाकीचं पटकन. ‘भेटवस्तूला कुठेच कर नाही.’ अर्धं खरं आहे, मान्य करते. पण प्रत्येक देशाची मर्यादा वेगळी: ब्रिटनमध्ये ३९ पौंड, युरोपीय संघात ४५ युरो, कॅनडात ६० डॉलर. किंमत मुद्दाम शंभर रुपये लिहिलीत, तर पार्सल हरवल्यावर भरपाई कशाच्या जोरावर मागणार? ‘घरच्या खाण्याला कायदा लागत नाही.’ अमेरिकेपुरतं यात थोडं तथ्य आहे: घरी बनवून व्यक्तीने व्यक्तीला भेट पाठवलेल्या पदार्थांची पूर्वसूचना तिथल्या अन्न-औषध खात्याला द्यावी लागत नाही. पण तेच पेढे ब्रिटनला किंवा युरोपला पाठवलेत तर दुधाचे पदार्थ म्हणून अडतील. ‘अमेरिकेची पोस्ट बंद आहे.’ आपली तिकडे जाणारी पोस्टसेवा ऑगस्ट २०२५ मध्ये बंद झाली होती, १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली. कार्डात नोटा घालून पाठवायच्या युक्तीचं तर नावच काढू नका. डब्यातली मोकळी जागा कागदाने भरा, पिशव्या दुहेरी लावा, हे मात्र त्या मेसेजमध्ये बरोबर सांगितलंय.

आईशी अर्धा तास वाद झाला. “खसखशीशिवाय अनारसा कसा करायचा गं?” असं दोनदा विचारून शेवटी तिने डबा बाहेर काढला. करंज्याही काढल्या, सारणात खसखस होतीच. पॉवरबँक कपाटात गेली. मग फॉर्म नव्याने भरला: चिवडा ५०० ग्रॅम, शंकरपाळे ५०० ग्रॅम, सुती साडी एक, प्रत्येकापुढे खरी किंमत. पदार्थांची यादी आईने काकूंना आधीच फोनवर वाचून दाखवली.

मामा, तो मेसेज ग्रुपवरून काढा. आणि सोसायटीच्या ग्रुपवर त्याच्या जागी हे टाका.