टपाल तिकिटावरचे फुलपाखरू: तीन विधाने, तिन्ही अर्धवट

टपाल तिकिटावर छापलेले फुलपाखरू त्या देशात आढळतेच, त्याचे चित्र ओळख पटवण्याइतके हुबेहूब असते आणि त्याच्या संरक्षणासाठीच ते तिकीट काढलेले असते, असा एक दावा वरचेवर पुढे पाठवला जातो. त्यातले एकही विधान सरसकट टिकत नाही.

पहिल्या विधानाला ब्रिटनचे उदाहरण पुरेसे आहे. मे 1981 मध्ये तेथे निघालेल्या चार तिकिटांच्या संचात 'लार्ज ब्लू' नावाचे फुलपाखरू होते, पण ते 1979 मध्येच त्या देशातून नामशेष झाले होते. एका विशिष्ट जातीच्या लाल मुंग्या या फुलपाखराच्या अळीला आपलेच पिल्लू समजून वारुळात नेतात आणि तेथे ती त्यांच्याच पिल्लांवर पोसली जाते. चराई घटली, रोगाच्या साथीत ससे मेले, तेव्हा गवत वाढून त्याच्या सावलीत जमीन थंड पडली; त्या मुंग्या हटल्या आणि त्यांच्यामागोमाग फुलपाखरूही गेले. स्वीडनहून आणून ते पुन्हा वसवण्यास सुरुवात झाली ती तिकीट निघाल्यानंतर, 1983 मध्ये. भारताच्या 1981 च्या संचातले कैसर-ए-हिंद हे फुलपाखरू मात्र पूर्व हिमालयात खरोखरच आढळते, त्यामुळे हे विधान नेहमीच चूक असते असेही नाही.

हुबेहूबपणाचे म्हणाल तर, अनेक तिकिटांवर दिसते ते टाचणीने टोचून, पंख ताणून वाळवलेले संग्रहालयातले फुलपाखरू. पुढच्या पंखांची मागची कड शरीराशी काटकोनात असेल, तर चित्रकारासमोर बहुधा मृत नमुना होता असे समजावे, कारण पंख पसरून उन्हात बसलेल्या जिवंत फुलपाखराचे पुढचे पंख मागे झुकून मागच्या पंखांचा काही भाग झाकतात. रंगांचीही खात्री नसते: फुलपाखराचे पहिले तिकीट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सारावाकच्या (बोर्निओ बेटावरचा, आज मलेशियात असलेला प्रदेश) 1950 च्या एक सेंटच्या तिकिटावर राजा ब्रुक्स बर्डविंग हे फुलपाखरू आहे, पण त्याच्या पंखांवरचा झळाळता हिरवा पट्टा तिकिटाच्या काळ्या छपाईत पार हरवला आहे.

संरक्षणाच्या हेतूबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. अमेरिकेने 2010 मध्ये काढलेले मोनार्क फुलपाखराचे तिकीट टपालाची छाननी करणाऱ्या यंत्रातून न जाणाऱ्या, विशेषतः चौकोनी पाकिटांवर लागणाऱ्या जादा शुल्कासाठी होते. म्हणूनच शुभेच्छापत्रांच्या अशा पाकिटांवर तिकिटाच्या जागी फुलपाखराची छायाकृती छापण्याची पद्धत पडली.